तारेवरची बारा घरं

स्टॅनली,
२८ जून १९४२

ती. मोरॅगआत्यास,
ऊनाचा सा. न. वि. वि.

आधी मोठी बातमी सांगून टाकते, नाहीतर तू नेहमीसारखं पत्राचं शेवटचं पान आधी उघडशील. डिसेंबरात आमच्याकडे बाळ येणार आहे. डॉक्टर म्हणाले, सगळं व्यवस्थित आहे. आत्याला कळेपर्यंत कुठे बोलायचं नाही, असं मी लॅक्लनला बजावलं होतं. त्याने दोन दिवस कसंबसं तोंड मिटून ठेवलं आणि मग धक्क्यावर जाऊन बेकरीवाल्यापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना सांगून आला. म्हणजे तुलाच शेवटी कळतंय. रागवायचंच असेल तर तुझ्या जावयावर रागाव.

दुसरी बातमी म्हणजे फौज आली. आमच्या गावात माणसं हजार, आणि शिपाई उतरलेत त्याच्या दुप्पट. जपान्यांचं आरमार इकडे वळलं तर फॉकलंड त्यांच्या घशात जाऊ नये म्हणून विलायतेहून पाठवलेत. शाळेत शिपाई, चर्चच्या हॉलमध्ये शिपाई. आमच्या पुढच्या खोलीत ऑल्ड्रॉइड नावाचा कॉर्पोरल राहतो, यॉर्कशरच्या गिरणीतला विणकर. पहिल्या दिवशी ताटात एवढं मटण बघून बिचाऱ्याचे डोळे भरून आले. आता विचारतो, वहिनी, या बेटांवर मेंढी सोडून दुसरं जनावर असतं की नाही? लॅक्लनने त्याला सांगितलं, धीर धर, नोव्हेंबरात पेंग्विनची अंडी निघतात. तो हसलाही नाही.

लॅक्लन रोज संध्याकाळी स्वयंसेवक दलाबरोबर टेकडीवर खंदक खणायला जातो. आपली जमीन तुला ठाऊकच आहे. दिवसभर खणावं आणि सकाळी जाऊन बघावं तर आत पाणीच पाणी. ऑल्ड्रॉइड म्हणतो, बंदुका कशाला, जपानी इथे नुसते घसरून बुडतील.

आता माझं मागणं. आत्या, तू इकडे ये. तुझं घर पश्चिम बेटाच्या पार टोकाला, त्यापुढे नुसता समुद्र. शत्रू आला तर पहिलं दार तुझंच. आतोबा गेल्यापासून तू तिथे एकटी, हे मला आधीच सोसत नव्हतं. आई गेली तेव्हा मी रांगतही नव्हते, तूच मला वाढवलंस. बाळंतपणात मुलीला आई लागते ना? मग मला तू लागतेस. मागची खोली रंगवून ठेवली आहे.

बोट उशिरा येईल, तुझं उत्तर तरी उशिरा देऊ नकोस. माया आहेच, ती अशीच पोचत राहावी.

तुझी,
ऊना


कॅरन पॉइंट,
१९ जुलै १९४२

चि. सौ. ऊना हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पोरी, तुझं पत्र वाचलं आणि तशीच गोठ्यात जाऊन गाईच्या गळ्यात पडले. मिठी मारायला घरात दुसरं होतं कोण? गाय इतकी गांगरली की संध्याकाळी दूधच दिलं नाही. खूप खूप आनंद झाला गं. मग राहवेना, म्हणून टेलिफोनवरून फक्त टर्नबुलबाईला सांगितलं आणि बजावलं की तुझ्याजवळच ठेव. ती म्हणाली, माझ्या तोंडातून चकार शब्द बाहेर पडणार नाही. तेवढ्यात तिकडून मॅकअ‍ॅस्किलची बायको बोलली, मुलगी झाली तर फ्लोरा ठेवा. म्हणजे नेहमीप्रमाणे सगळे ऐकतच होते. एका तारेवर आपल्याशिवाय बारा घरं, प्रत्येकाची घंटा वेगळी, आपली दोन लांब एक आखूड. पण घंटा कोणाचीही वाजो, उचलणार बाराच्या बाराही! आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

तुझ्या पत्राच्या आधीच तुमच्या त्या फौजेचे मेजर प्रिंगल इथे येऊन गेले. माणूस सभ्य आहे, पण मिशा फार. आपल्या टोकावरून पश्चिमेचा सगळा समुद्र दिसतो, म्हणून त्यांनी मला पहारेकरी नेमलं. पगार नाही, दुर्बीण आहे. परकं जहाज दिसलं की टेलिफोनचं हँडल न थांबता फिरवायचं, एक लांबच लांब घंटा द्यायची आणि मिलर्स कोव्हच्या वायरलेसवाल्याला काय दिसलं ते सांगायचं. तो पुढे स्टॅनलीला कळवणार. मेजरनी विचारलं, तुमचा टेलिफोन नीट चालतो ना? मी म्हटलं, चाळीस मैलांवरची शिंक ऐकू येते. बारा जण ऐकतात, हे काही मी बोलले नाही. घरातल्या गोष्टी बाहेरच्याला कशाला सांगायच्या?

तर तिकडे येण्याचं म्हणशील, तर आता कसं जमणार? ऑक्टोबरात मेंढ्या वितील, शिवाय पहारा आहे. आणि खरं सांगू का, या घरात मी नवरी होऊन आले, तू इथेच पहिलं पाऊल टाकलंस, तुझ्या आतोबांचं थडगं दारातून दिसतं. हे सोडून मी तुमच्या त्या गर्दीत काय करू? डिसेंबरात येऊन जाईन, बाळ हातात घेईन आणि परत फिरेन. खोलीचा रंग मात्र कुठला दिलास ते कळव.

लॅक्लनला म्हणावं, तोंड मिटायची सवय कर, बाप होणार आहेस. जीवाला जप. आत्याची आठवण काढत जा, उचकी लागली की मला कळतं.

तुझी,
मोरॅगआत्या


कॅरन पॉइंट,
२३ ऑगस्ट १९४२

ऊना हिस आशीर्वाद.

आज लांबण लावत नाही, राग आलाय. आधी घडलं काय ते ऐक.

गेल्या मंगळवारी लख्ख ऊन पडलं होतं. मी चुलीत जाळायला वाळवलेल्या पीटच्या मातीच्या विटा आत आणत होते, तेवढ्यात एक करडी बोट टोकाला वळसा घालून आली. आपली वाटेना. मी धावत आत गेले आणि हँडल फिरवायला लागले, खांदा निखळेपर्यंत फिरवलं. मग बोलायला कानाला लावते तर काय, खट् खट् खट् करून बारा घरांनी उचललेला! तुला माहीत आहे, जितके कान लागतील तितका तारेतला आवाज बारीक होतो. एरवी आपल्याला त्याचं काही नसतं, गप्पाच तर असतात. पण मी ओरडतेय करडी बोट, करडी बोट, आणि मध्ये टर्नबुलबाईच्या भिंतीवरच्या घड्याळाचे टोले, कोणाची तरी किटली शिट्टी मारतेय, कोणाचं पोर भोकाड पसरतंय. एकाने विचारलं, मोरॅग, पुन्हा गाय सुटली काय गं? टर्नबुलबाई सगळ्यांवर ओरडली, अरे खाली ठेवा, तिला बोलू द्या. स्वतः मात्र धरून बसली. मग ठेवा-ठेवा म्हणून सगळेच एकमेकांवर ओरडायला लागले, पण ठेवला एकानेही नाही.

तोवर बोट आपल्या धक्क्याला लागली. आपल्याच आरमाराची, मेजरनी परीक्षेसाठी पाठवलेली. खलाशी आत आले, टोपी काढून बसले, त्यांनी चहा घेतला, केक संपवला आणि मी आपली भिंतीशी ओरडतेच आहे. मेजर स्वतः मिलर्स कोव्हला टेलिफोनजवळ बसले होते. त्यांना म्हणे डास गुणगुणल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. शरमेने मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी मेजर घोड्यावरून आले आणि निकाल सांगून गेले. हे टोक राखता येत नाही. जिथून खबर येत नाही तिथे माणसं ठेवणं म्हणजे शत्रूला पाहुणचार. ऑक्टोबरअखेर टोकावरची घरं रिकामी करायची, मेंढ्या आत हाकलायच्या, गवत आणि पीट जाळायचं, म्हणजे उतरणाऱ्याला ना ऊब ना घास. आणि मला स्टॅनलीला न्यायचं.

इथपर्यंत मी ऐकून घेतलं. मग ते माझं सांत्वन करायला गेले आणि म्हणाले, तुमच्या भाचीचीही हीच इच्छा होती, तिने मला परीक्षेच्या आधीच गळ घातली होती. ऊना, हे खरं आहे का? माझ्या पाठीमागे तू माझं घर बंद करायला सांगितलंस? सरळ उत्तर दे. गोड बोलू नकोस.

मोरॅगआत्या


स्टॅनली,
१४ सप्टेंबर १९४२

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हो, खरं आहे. मेजर आमच्याकडे जेवायला आले होते, तेव्हा मीच म्हटलं की माझ्या आत्याला काही करून इकडे आणा. घर जाळा, बंद करा असं नाही म्हटलं, पण तुला आणा असं म्हटलं, आणि त्याचा शेवट हाच होणार हे मला कळायला हवं होतं. तू गोड बोलू नकोस म्हणालीस म्हणून सरळ लिहिते. मला भीती वाटते गं. रात्री वारा सुटला की वाटतं, आत्ता तिच्या दारात कोणी उभं असेल. दुसरी भीती तर तुला न सांगता कळेल. आई माझ्याच पायी गेली. मला पोट दिसायला लागल्यापासून तेच एक मनात येतं, आणि त्या वेळी तुझा हात हातात असला तर मी तरून जाईन असं वाटतं. म्हणून केलं. तू मला काय हवं ते बोल, पण अबोला धरू नकोस.

तुझं पत्र मी लॅक्लनला वाचून दाखवलं. आधी तो पोट धरधरून हसला (किटलीपाशी तर खुर्चीवरून पडला), आणि मग खुर्ची उचलून सरळ बसला. म्हणाला, त्या टोकासारखी जागा अख्ख्या बेटांत नाही. तिथला डोळा मिटला तर पश्चिमेकडून कोण येतंय ते आपल्याला बंदरात शिरल्यावरच कळेल. दुसऱ्या दिवशी तो मेजरकडे गेला आणि माझ्या बायकोच्या आत्याला आणखी एक संधी द्या म्हणाला. मेजर म्हणाले, संधी देतो, पण ऑक्टोबर संपायच्या आत तारेवरून स्वच्छ खबर येऊन दाखवली पाहिजे, आणि परीक्षा कधी घेणार ते मी सांगणार नाही. लॅक्लन हो म्हणून आला.

मीही आता हो म्हणते. तुला इथे बघायची माझी ओढ तशीच आहे, पण घराबाहेर काढलेली आत्या मला नको. तू मनासारखं कर. फक्त एवढ्या बारा घरांना गप्प कसं बसवणार आहेस ते मला सुचत नाही, देवाला तरी सुचतंय का बघ.

ऑल्ड्रॉइडने आपल्या लोकरीचं सूत मागून घेतलंय. संध्याकाळी सुया घेऊन बसतो, काय विणतोय ते सांगत नाही. खोलीला पिवळा रंग दिलाय.

रागावलीस तरी आशीर्वाद तोडू नकोस, एवढंच मागते.

तुझीच,
ऊना


कॅरन पॉइंट,
४ ऑक्टोबर १९४२

चि. सौ. ऊना हिस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

वेडी कुठली. अबोला धरून मी बोलू कोणाशी, गाईशी? तुझं पत्र वाचून रडले, मग स्वतःवरच चिडले. तुला एवढी भीती वाटतेय आणि मी आपली रंग कुठला म्हणून विचारत बसले. तुझी आई गेली ती तापाने गेली, तुझ्या पायी नाही. मी उशाशी होते, मला माहीत आहे. हे मी तुला आधीच ठणकावून सांगायला हवं होतं. आता सांगितलं, पुन्हा तोंडातून काढू नकोस. पिवळा रंग छान.

आता आमचा तमाशा ऐक. मी घोडीवर खोगीर टाकलं आणि वारा-पाऊस न बघता एकेक घर करत निघाले. प्रत्येक ठिकाणी चहा, मटण आणि तेच उत्तर: आम्ही? आम्ही कधीच दुसऱ्याची घंटा उचलत नाही बाई! मॅकअ‍ॅस्किलची बायको म्हणाली, असली खोड आम्हाला नाही, आणि लगेच विचारते की तुझ्या ऊनाच्या घरी तो कॉर्पोरल अजून आहे का? टर्नबुलबाईने तर बायबलवर हात ठेवायची तयारी दाखवली. मीच तिला अडवलं, म्हटलं, कशाला त्या पुस्तकाला त्रास. आता जे लोक ऐकतच नाहीत, त्यांना ऐकू नका म्हणून सांगायचं कसं? डोकं बधिर झालं.

परतताना घोडी चिखलात फसली आणि मी तिला ओढत चालत निघाले. चालता चालता विचार केला, मी स्वतः का उचलते? कारण नाही उचललं तर काहीतरी आपल्यावाचून घडून जाईल, ही धास्ती. एवढंच. दिवसदिवस माणूस दिसत नाही या बेटावर, मग तेवढी तारच आपलं गाव. मग मी घरी आले आणि संध्याकाळी डॉक्टर तारेवरून सगळ्यांची दुखणी विचारतात त्या वेळेला, सगळ्यांचे कान लागलेले असतात तेव्हा, तारेवर सांगून टाकलं. म्हटलं, इथे कोणी नाही हे मला माहीत आहे, तरी जे नाहीत त्यांनी ऐका. लांब घंटा झाली की कोणी उचलायचं नाही. वायरलेसवाल्याला माझं सांगून झालं की मी लगेच सगळ्यांना घंटा देईन आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगेन. एक शब्द चोरणार नाही. आणि उचललंत तर मला हे घर सोडावं लागेल, मग या टोकाची बातमी तुम्हाला जन्मात मिळायची नाही.

मग टर्नबुलबाईने विचारलं, बाळाची बातमीही सांगशील? म्हटलं, बाळाची तर सगळ्यात आधी.

त्यानंतर मीच अधूनमधून लांब घंटा देऊन बघते. पहिल्यांदा बरेच जण चुकले. मग एकटी टर्नबुलबाई राहिली. म्हणाली, मी काही उचलला नाही, धूळ पुसत होते. गेल्या वेळेला मात्र कोणी नाही. दिलेला शब्द मी पाळायचाच, म्हणून रिकाम्या घंटेनंतरही त्यांना काहीबाही सांगते. काल कोकरू झालं तेच सांगितलं. सगळे म्हणाले, पुढे सांग.

मेजरची बोट येऊ दे खुशाल. लॅक्लनला माझे दोन आशीर्वाद जास्त दे. जपून राहा, आणि आत्यावर भरवसा ठेव.

तुझी,
मोरॅगआत्या


स्टॅनली,
२४ ऑक्टोबर १९४२

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र निघेल कधी आणि पोचेल कधी कोण जाणे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही लापशी खात होतो आणि भोंगा झाला. सरावाचा नव्हे, खरा. लॅक्लन मिशीला लापशी तशीच घेऊन बंदूक उचलून पळाला. ऑल्ड्रॉइडला त्याचा एक बूट सापडेना, तो मी शोधून दिला. गल्लीतून शिपाई धावतायत, वरती तोफांवरची आवरणं काढतायत, बायका पोरांना घेऊन तळघराकडे निघाल्यात. मीही निघाले होते. वाटेत पाद्रीबाबा भेटले. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, कॅरन पॉइंटवरून खबर आलीय, शब्द न् शब्द स्वच्छ. करडं जहाज, निशाण नाही, होडी खाली सोडतायत. सांगताना त्यांना आठवलं की मी कोण, आणि ते तिथेच थांबले.

आत्या, मी तळघरात गेलेच नाही. वायरलेसच्या खोलीबाहेरच्या पायरीवर बसून राहिले. लोक उठ म्हणत होते, मी उठले नाही. मेजर एकदा बाहेर आले, माझ्याकडे बघितलं आणि शिपायाकरवी खुर्ची पाठवली. तुझं घर राहावं म्हणून मी हो म्हटलं होतं ना, त्याचा मला इतका पस्तावा झाला की काय सांगू. दुपार होत आली तेव्हा आतून कोणीतरी हसल्याचा आवाज आला. हसण्याचा! मी दार न वाजवताच आत शिरले. वायरलेसवाल्याने कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: पाहुणे नॉर्वेचे, भुकेले. मटण कमी पडतंय.

मी तिथेच रडायला लागले, आणि बाळाने आतून अशी लाथ मारली की मेजरना वाटलं मला कळा सुटल्या. डॉक्टरांना बोलवायला माणूसही धावला. तसलं काही नव्हतं, काळजी करू नकोस.

काय काय झालं ते सगळं लिही. एक शब्द चोरायचा नाही, असं तूच सगळ्यांना कबूल केलंयस. त्यात मीही आले.

तुझी,
ऊना


कॅरन पॉइंट,
२६ ऑक्टोबर १९४२

चि. सौ. ऊना हिस,
आशीर्वाद.

मिलर्स कोव्हहून कळलं की तू पायरीवर बसून राहिली होतीस. असल्या अवस्थेत दगडावर बसतात का? पाठ धरली असेल, गरम वीट घेऊन शेक.

तर ऐक. त्या दिवशी धुकं असं होतं की कुंपण दिसेना. मी कोकरांकडे निघाले होते आणि साखळीचा आवाज आला, नांगर टाकल्यासारखा. धुकं जरा सरकलं आणि समोर करडं जहाज. निशाणाची काठी रिकामी. होडी खाली सोडत होते. मला वाटलं, मेजरची परीक्षा. पण मग ती माणसं बोललेली ऐकू आली आणि त्यातला एक शब्द कळेना. तेव्हा मात्र मी आत धावले.

लांब घंटा दिली. कानाला लावलं. पोरी, त्या तारेत काही नव्हतं. ना घड्याळ, ना किटली, ना कोणाचा श्वास. इतकी वर्षं ती तार मी अशी गप्प कधी ऐकली नव्हती. सगळे घरात भिंतीपाशी उभे असणार, हात शिवशिवत असणार, आणि एकानेही उचललं नाही. मी बोलायला लागले, सवयीने ओरडूनच. वायरलेसवाला म्हणाला, बाई, हळू बोला, कान फुटतोय. मग मी हळू आवाजात सगळं सांगितलं आणि त्याने परत वाचून दाखवलं.

होडी धक्क्याकडे निघाली होती. खरं तर तेव्हाच तुझ्या आतोबांची बंदूक घेऊन बाहेर पडायला हवं होतं. पण शब्द दिलेला. म्हणून सगळ्यांना घंटा दिली आणि एका दमात सांगून टाकलं: परकं जहाज, भाषा कळत नाही, मी बाहेर जाते. बाराही घरं एकदम बोलायला लागली, म्हणजे कोणाचंच काही धड ऐकू येईना. टर्नबुलबाई दार लाव, दार लाव म्हणत होती, आणि मॅकअ‍ॅस्किल घोडी काढा म्हणून पोरांवर ओरडत होता. तेवढं ऐकून मला जरा बळ आलं.

बंदूक घेऊन धक्क्यावर उभी राहिले. होडीतला दाढीवाला कप्तान माझ्याकडे बघून टोपी काढून उभाच राहिला, आणि होडी अशी डुगडुगली की तो पाण्यात पडता पडता वाचला. देवमासे पकडणारे नॉर्वेचे लोक गं. वादळात सुकाणू मोडलेलं, वायरलेस भिजलेला, निशाण फाटून गेलेलं. इंग्रजीचे दोन-चार शब्द त्याला येत होते, त्यातला एक मटण.

मग मॅकअ‍ॅस्किल बापलेक बंदुका घेऊन भरधाव आले. त्यांच्या मागून टर्नबुलबाई, गुडघे दुखतात म्हणून चर्चलाही न जाणारी, घोड्यावर, हातात तवा. मी विचारलं, तवा कशाला? म्हणाली, शत्रू निघाला तर डोक्यात घालायला आणि पाहुणा निघाला तर कामाला. कामालाच आला. दुपारपर्यंत माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती.

काल मेजरचा निरोप आला. खबर पूर्ण आणि वेळेवर मिळाली, म्हणून कॅरन पॉइंटचा पहारा चालू ठेवायचा आणि घरं रिकामी करायचा हुकूम रद्द. मी तो तारेवर सगळ्यांना वाचून दाखवला. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावला.

पाठ शेक. आता इकडची काळजी तुझ्या डोक्यातून काढून टाक, तेवढीच जागा बाळाला.

तुझी,
मोरॅगआत्या


स्टॅनली,
१५ नोव्हेंबर १९४२

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हसू नकोस. मेजर प्रिंगल काल स्वतः घरी आले, खुर्चीच्या काठावर बसले आणि घसा खाकरत राहिले. शेवटी म्हणाले, शत्रू आलाच तर तो स्टॅनलीवर येणार, तोफा इथे आहेत, बंदर इथे आहे. तेव्हा लहान मुलांच्या आया आणि गरोदर बायका यांना उन्हाळ्यापुरतं, म्हणजे मार्चपर्यंत, पश्चिमेकडे पाठवायचं ठरलंय. तिकडे खायला आहे, डॉक्टर मिलर्स कोव्हला आहे, आणि कोण येतंय ते तिकडच्या लोकांना आमच्या आधी कळतं, हे सिद्ध झालंय. मग मिशी चाचपत विचारतात, तुमचे तिकडे कोणी नातेवाईक आहेत का?

लॅक्लन दुसरीकडे तोंड फिरवून खोकत होता. मी म्हटलं, एक आत्या आहे, पण तिला घर सोडायची फार हौस, ती ठेवून घेईल की नाही विचारावं लागेल. मेजर हसले, पहिल्यांदाच.

लॅक्लनला इथेच राहावं लागेल. त्याचं वाईट वाटतं. पण तोच म्हणतो, तू तिच्याजवळ असलीस तर मी त्या खंदकात पाण्यातही सुखाने झोपेन. पुढच्या बोटीने मला चढवून देतोय. ऑल्ड्रॉइडने विणलेलं काय होतं ते कळलं, बाळाची शाल आहे. इतकी मऊ की तो स्वतःच लाजला.

आत्या, ठेवून घेशील ना?

तुझी,
ऊना


कॅरन पॉइंट,
२७ नोव्हेंबर १९४२

चि. सौ. ऊना हिस,
आत्याचे लाख आशीर्वाद.

हे पत्र बोटीच्या कप्तानाच्या हातात देतेय. तू स्टॅनलीला बोटीवर चढशील तेव्हा तो तुला देईल. येताना वरच्या डेकवर बसू नकोस, वारा लागतो, आणि कप्तानाला गप्पांत गुंतवू नकोस, तो खडकावर घालतो. लॅक्लनला सांग, त्याची बायको आणि पोर मी सांभाळते, त्याने ती टेकडी सांभाळावी.

तू येतेस हे मी तारेवर सांगितलं आणि जो कल्ला झाला तो विचारू नकोस. टर्नबुलबाईने पाळणा पाठवलाय. मॅकअ‍ॅस्किलच्या बायकोने अंडी पाठवली आणि पुन्हा फ्लोराचं नाव काढलं. डॉक्टर म्हणाले, महिन्याच्या सुरुवातीपासून इकडेच येऊन राहतो. तुझ्या जुन्या खोलीत मी चूल पेटवून ठेवली आहे, दमट वास गेला.

एक गोष्ट तेव्हा लिहिली नाही, ती आता लिहिते. तू समोर आलीस की मला बोलता येणार नाही. त्या सकाळी बंदूक घेऊन धक्क्यावर उभी होते तेव्हा मला शत्रूचं भय वाटलं नाही. मरणाचंही फारसं नाही, वय झालंय. एकच वाटत होतं, की मी या घरासाठी हट्ट धरला, आणि आता माझ्या पोरीच्या वेळेला मी तिच्या हाताशी असणार नाही. घर हवं होतंच गं, पण तू हवी होतीस त्याहून जास्त, आणि हे मी तुला एकाही पत्रात लिहिलं नव्हतं.

ये. ठेवून घेशील का म्हणून काय विचारतेस? धक्क्यावर उभी आहे मी.

तुझी,
मोरॅगआत्या